बिळाचा पत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

रोग पसरवणाऱ्या प्राण्यांचे नकाशे करणारी मंडळी प्राण्याच्या मागे धावत नाहीत. उंदीर काही उपग्रहाला दिसायचा नाही. त्याचं घर मात्र दिसतं.

कझाकस्तानच्या वाळवंटात मोठा जर्बिल राहतो, आपल्या उंदराचा चुलतभाऊच म्हणा. त्याच्या अंगावरच्या पिसवा प्लेगचे जंतू वाहतात. हा गडी कुटुंबकबिल्यासह राहतो, बिळांभोवतीची झुडपं कुरतडून फस्त करतो आणि माती उकरून वर टाकतो. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात तिथे फिकट गोल डाग उमटतात. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा असावा, तशी ती जमीन दिसते. हे डाग आता संगणक मोजतो.

पण प्रत्येक डागात कुणी राहत असेलच असं नाही. ते पाहायला माणसालाच वाळूतून चालत जावं लागतं. सोव्हिएत काळापासून तिथल्या प्लेग-पथकांनी अशा नोंदी वर्षानुवर्षं चिकाटीने ठेवल्या. त्यांच्यावरूनच २००४ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की वसलेल्या बिळांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं, की सुमारे दोन वर्षांनी प्लेग डोकं वर काढू शकतो. दोन वर्षं आधी सूचना! मला उपग्रहापेक्षा त्या जुन्या वह्यांचं कौतुक जास्त वाटतं.

या वह्या, पाऊस, माती, झाडोरा, वस्त्या असे थर एकाच नकाशावर अचूक बसवायचं काम भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस करते. १९९३ साली अमेरिकेच्या नैऋत्येला उंदरांमुळे हांटाव्हायरसची साथ आली. आदल्या वर्षीची उपग्रहचित्रं नंतर तपासली, तेव्हा धोक्याच्या जागा त्यांत आधीच वेगळ्या ओळखू येत होत्या.

तरी नकाशा फसवतोही. रोग रस्त्याच्या कडेकडेनेच दिसू लागला, तर मी आधी विचारतो, पाहणी करणाऱ्यांची जीप कुठवर गेली होती? दुसरी फसगत पत्त्याची. गोचीड चावते जंगलात, आणि रुग्णाची नोंद होते घराच्या पत्त्यावर. मग नकाशावर लाल ठिपका पडतो भर शहरात, जिथे ती गोचीड कधी नव्हतीच. दवाखान्याच्या कागदावर एक रकाना वाढवला, तरी यातलं बरंच सुधारेल: 'गेल्या महिन्याभरात कुठे कुठे गेला होतात?'