पाया खणण्याआधी पातळी मोजा

श्रोतेहो, नमस्कार. जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली, की सोसायटीच्या सभेत चटईक्षेत्रावर तास न् तास चर्चा होते. जमिनीच्या पातळीबद्दल कुणी विचारत नाही. मुंबईत मात्र पावसाळ्यात तळमजला कोरडा राहणार का, हे पातळीच ठरवते.

इथल्या पातळ्या टाउन हॉल डेटमवर, म्हणजे टीएचडीवर मोजतात. त्याचा शून्य समुद्रसपाटीच्या सुमारे 24 मीटर खाली धरलेला आहे. सखल प्लॉट किमान 92 टीएचडीपर्यंत, म्हणजे 92 फूट किंवा 28.04 मीटरपर्यंत भरावा, अशी अट पालिकेच्या परवानगीत असते. सर्व्हेअरने गेटच्या पायरीला सोयीपुरतं 100 मानून नकाशा काढला, तर तो या अटीशी जुळवायचा कसा? म्हणून खात्रीच्या बेंचमार्कवरून, म्हणजे पातळी आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून, लेव्हल आणावी आणि परत तिथेच मिळवावी. अर्ध्या किलोमीटरच्या फेरीत 8 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर फेरी पुन्हा मारावी. 2000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 30 सेंटिमीटरची चूक म्हणजे 600 घनमीटर, दोनशेहून अधिक ब्रास मुरूम!

आतल्या जमिनीची पातळी 5 मीटरच्या ग्रीडने, म्हणजे आडव्या-उभ्या दर 5 मीटरवर, घ्यावी. झाडं, विहीर, शेजारची प्लिंथ, म्हणजे जोतं, हेही नकाशावर हवं. रस्त्याचं काँक्रिटीकरण व्हायचं असेल, तर त्याची नियोजित पातळी आधीच मागून घ्या.

सर्वात महागडी चूक होते ती मॅनहोलपाशी. झाकण उघडून स्टाफ, म्हणजे मापाच्या खुणा असलेली काठी, खाली सोडतात, तो गाळावर टेकतो आणि तेच रीडिंग लिहिलं जातं. पाइपाचा खरा तळ, म्हणजे इन्व्हर्ट, गाळाखाली असतो. गाळ काढून घ्यावा, स्टाफ वरूनच सोडावा. आत कुणालाही उतरवू नये, विषारी वायूचा धोका असतो.

हिशेब बघा. मॅनहोलचा इन्व्हर्ट 26.80 आहे आणि आपलं चेंबर 40 मीटरवर. 100 ला 1 उतार धरला, तर चेंबरचा इन्व्हर्ट 27.20 येतो. जमीन 28.04 असेल, तर 84 सेंटिमीटर खोली मिळते, पाइप नीट झाकला जातो. पण गाळावरचं 27.30 धरलं, तर खोली उरते जेमतेम 34. मग पाइप गाड्यांच्या चाकाखाली चिरडू नये म्हणून सगळा प्लॉट विनाकारण उंच करतात आणि पावसाचं पाणी शेजारच्या चाळीत शिरतं.

हे मोजमाप इमारत पाडण्याआधी करून घ्या. राडारोडा पडला, की जुनी चेंबर्स सापडत नाहीत. नकाशा हाती आला, की बेंचमार्क कोणता आणि इन्व्हर्ट कोणत्या तारखेला घेतले, हे त्यावर लिहिलंय का ते पाहूनच पैसे चुकते करा.