बस वाढल्या तरी थांब्यावरची रांग का हटत नाही?

नमस्कार मंडळी! आज वसई-विरारच्या बसचा हिशेब करू. २०११च्या जनगणनेत इथे लोक होते साधारण १२ लाख. शहर बससेवेसाठी केंद्राचा एक मापदंड आहे. त्यात पहिली श्रेणी हवी तर हजार माणसांमागे ०.६ बस लागते. म्हणजे तेव्हाच्याच लोकसंख्येला सातशेच्या वर बस! त्यानंतर किती टॉवर उभे राहिले, ते तुमच्या खिडकीतून दिसतच असेल.

पण समजा, बस आल्या. तरी पुढचं गणित बघा. स्टेशनवरून निघून गावात जायला आणि परत यायला, ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा धरून, ८० मिनिटं लागतात. दर १० मिनिटांनी गाडी सोडायची तर गाड्या हव्यात ८. आता नाक्यावर कोंडी, स्टेशनबाहेर रिक्षांचा गराडा. फेरी गेली १२० मिनिटांवर. गाड्या लागल्या १२! प्रवासी तेवढेच, गल्ला तेवढाच, आणि चार जादा गाड्यांचा खर्च कशासाठी, तर ट्रॅफिकमध्ये उभं राहायला.

त्या चार नसतील तर आठच गाड्या दर १५ मिनिटांनी धावणार. तेही कागदावर. प्रत्यक्षात अर्धा तास काहीच येत नाही, मग दोन एकदम येतात. यात ड्रायव्हरवर डाफरू नका हं. उशिरा आलेल्या गाडीला जास्त गर्दी मिळते, चढण्या-उतरण्यात ती आणखी रखडते आणि मागची रिकामी गाडी तिला गाठते.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे. रेल्वे उत्तर-दक्षिण, वस्ती मात्र रुळांपासून पूर्वेला आणि पश्चिमेला पसरलेली. संध्याकाळी प्रत्येक लोकल माणसांचा लोंढा बाहेर टाकते. जवळचे शेअर रिक्षात बसतात. बसला उरतात अर्नाळा, निर्मळ अशा लांबच्या गावांचे. जिथे सीट पटापट रिकामी होऊन पुन्हा विकली जाते, तो कमाईचा टप्पा रिक्षाने नेला! २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली, तेव्हा हे लांबचे, कमी कमाईचे मार्गही शहराच्या पदरात आले. ते चालवायलाच हवेत, तोटा सोसून. माझं मत स्पष्ट आहे.

मग पैसा कुठे वाचेल? स्टेशनच्या दारात. तिथे बसला वेगळी मार्गिका आणि मोकळा थांबा द्या. वरच्या गणितात फेरीची १० मिनिटं वाचली, की एक अख्खी गाडी मोकळी होते. खरेदी न करता, जादा ड्रायव्हर न नेमता.