प्रोव्होस्ट हॉवर्ड यांचे दोन शब्द

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जुन्या सेंट मायकेल कॅथेड्रलला, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला, छप्पर नाही. पाऊस थेट फरशीवर पडतो. वेदीमागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरलेत: ‘फादर फरगिव्ह’. हे बापा, क्षमा कर.

बायबलमधल्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी ‘त्यांना क्षमा कर’ असं आहे. इथे ‘त्यांना’ नाही. रिचर्ड हॉवर्ड यांनी ते मुद्दाम गाळलं. ‘त्यांना’ म्हटलं की दोष पलीकडच्यांचा, आपण मोकळे.

हॉवर्ड १९३३ मध्ये इथे प्रोव्होस्ट झाले. एरवी कॅथेड्रलच्या प्रमुखाला डीन म्हणतात. पण सेंट मायकेल मुळात गावातलं पॅरिश चर्च, म्हणजे स्थानिक वस्तीचं साधं चर्च; कॅथेड्रल झालं १९१८ मध्ये. अशा ठिकाणी त्याच पदाला तेव्हा प्रोव्होस्ट म्हणत.

१४ नोव्हेंबर १९४०, दुसरं महायुद्ध. रात्री जर्मन विमानं शहरावर बॉम्ब टाकत होती. छपरावर चौघे: पन्नाशी उलटलेले प्रोव्होस्ट, दगडकाम करणारे पासष्टीचे जॉक फोर्ब्स आणि दोन तरुण. आगलावा बॉम्ब पडला की वाळू टाकायची, हातपंपाने पाणी मारायचं. एक विझवेपर्यंत दुसरा. मग आग शिशाच्या पत्र्याखाली, जुन्या ओकच्या लाकडात शिरली. तिथे हात पोचेना. वाळू संपली, पाणीही संपलं. क्रूस, मेणबत्तीदाण्या, हाताला लागेल ते बाहेर काढलं. नंतर नुसतं बघत राहायचं. मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या वाचल्या.

शहरात त्या रात्री पाचशेहून अधिक माणसं गेली.

हा जळका क्रूस बघा. छपराच्या दोन तुळया ढिगाऱ्यात एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. फोर्ब्स यांनी त्या तारेने बांधल्या. आणि हा छोटा क्रूस, जुन्या छपराच्या तीन खिळ्यांचा. तो एका स्थानिक पाळकाने जुळवला.

सहा आठवड्यांत नाताळ आला. या अवशेषांतून हॉवर्ड रेडिओवर बोलले: सूड नको. युद्ध संपल्यावर आजच्या शत्रूंसोबत मिळून अधिक दयाळू जग उभारू. बॉम्ब अजून पडतच होते, हे ध्यानात ठेवा! १९४७ मध्ये ते खरोखरच जर्मनीतल्या कीलला गेले. तेही शहर बॉम्बनी उद्ध्वस्त झालं होतं. भिंतीवरचे शब्द पुढच्या वर्षी कोरले गेले.

१९५८ मध्ये ते निवृत्त झाले. शेजारी वास्तुविशारद बेसिल स्पेन्स यांचं नवं कॅथेड्रल १९६२ मध्ये उभं राहिलं. लोक त्याचेच फोटो काढतात.

दर शुक्रवारी दुपारी बाराला या उघड्या भिंतींमध्ये प्रार्थना होते. एकेका पापाचं नाव घेतलं जातं, आणि दर वेळी उत्तर येतं: फादर फरगिव्ह.