कॉनी मॅक यांचा पिचर

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. रिग्ली फील्ड, शिकागो.)

८ ऑक्टोबर १९२९. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. अमेरिकन बेसबॉलमधली ही अंतिम लढत, जो आधी चार सामने जिंकेल तो विजेता. एकीकडे यजमान शिकागो कब्ज, दुसरीकडे फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स.

फिलाडेल्फियाचे मॅनेजर कॉनी मॅक तेव्हा ६६ वर्षांचे होते. ते खेळाडूंसारखा गणवेश घालत नसत. सूट, ताठ कॉलर आणि हातात धावफलकाचा कागद. तोच कागद हलवून ते क्षेत्ररक्षकांना जागा दाखवत.

त्यांच्याकडे त्या वर्षीचे दोन जबरदस्त पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, होते. २४ सामने जिंकलेला जॉर्ज अर्नशॉ आणि २० जिंकलेला डावखुरा लेफ्टी ग्रोव्ह. सुरुवात या दोघांपैकी एक जण करणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

सरावासाठी बॉल हातात घेऊन आला तो हॉवर्ड एम्के.

वय ३५. दुखरा खांदा. अख्ख्या हंगामात त्यानं पुरत्या ५५ इनिंगसुद्धा टाकल्या नव्हत्या. (बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग असतात; तीन फलंदाज बाद झाले की संघाची एक इनिंग संपते.) वर्ल्ड कपच्या फायनलला बुमराहला बसवून, वर्षभर राखीव खेळाडूंत असलेल्या एखाद्या वयस्क बोलरला पहिली ओव्हर दिली तर स्टेडियममध्ये जे होईल, तेच त्या दिवशी झालं. मॅक यांचे स्वतःचे खेळाडूही चक्रावले.

मॅक यांनी मात्र हे आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की त्या उन्हाळ्यात ते एम्केला संघातून मोकळं करणार होते. एम्केनं विनंती केली, की माझ्या हातात अजून एक चांगला सामना शिल्लक आहे. मॅक यांनी त्याला ठेवून घेतलं, आणि हंगामाच्या शेवटी संघ दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याला मागे थांबवून एक काम दिलं. कब्ज पूर्वेकडे खेळायला येतील, तेव्हा त्यांचे सामने बघ. कोण कुठल्या बॉलला फसतो, ते टिपून ठेव.

(दृश्य: कब्जचे फलंदाज.)

कब्जची फलंदाजी धडकी भरवणारी होती. रॉजर्स हॉर्न्सबी आणि हॅक विल्सन, दोघांचे त्या वर्षी प्रत्येकी ३९ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके). त्यांच्या जोडीला कायलर आणि स्टीफन्सन. पण एक चार्ली ग्रिम सोडला तर सुरुवातीच्या नऊ जणांत सगळेच उजव्या हातानं खेळणारे! डावखुऱ्या पिचरचा बॉल अशा फलंदाजाला सहसा लवकर दिसतो. उजव्या पिचरचा कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, मात्र अंगावर येतोयसा वाटतो आणि लांब वळतो. वेगाची सवय असलेल्या या फलंदाजांपुढे एम्के हात आडवा फिरवून संथ बॉल टाकणार होता. शिवाय पिचरच्या पाठीमागे, सेंटर फील्डपलीकडच्या गर्दीतले पांढरे शर्ट. त्या पार्श्वभूमीवर बॉल नजरेत धरणंच अवघड.

तिसऱ्या इनिंगमध्ये कसोटी लागली. एक बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांवर) धावपटू, समोर हॉर्न्सबी. स्ट्राइकआउट. म्हणजे तीन स्ट्राइक होऊन पिचरकडूनच बाद. मग विल्सन. स्ट्राइकआउट!

कब्जचा चार्ली रूटही तेवढाच सुरेख टाकत होता. सातव्या इनिंगमध्ये जिमी फॉक्सनं होम रन मारला तेव्हा कुठे कोंडी फुटली. नवव्या इनिंगमध्ये आणखी दोन धावा आल्या. कब्जनं एक फेडली. दोन बाद, दोन धावपटू बेसवर. बदली फलंदाज चिक टॉल्सनलाही एम्केनं स्ट्राइकआउट केलं. ३-१. एकूण १३ स्ट्राइकआउट, वर्ल्ड सिरीजचा नवा विक्रम.

चर्चा नेहमी एम्केचीच होते. मला मॅक यांचा दुसरा निर्णय त्याहून धाडसी वाटतो. पाचही सामन्यांत त्यांनी सुरुवातीला एकही डावखुरा पिचर उतरवला नाही. ग्रोव्हसारखा वेगवान पिचर फक्त मागाहून, सामना सांभाळायला. चौथ्या सामन्याची सुरुवात तर ४६ वर्षांच्या जॅक क्विननं केली. पहिल्या विजयानंतर टाळ्या मिळाल्या म्हणून नव्हे, तिसरा सामना हरल्यावरही मॅक याच विचाराला धरून राहिले.

पाचव्या सामन्यात पुन्हा एम्के. यावेळी कब्जनं त्याला चौथ्याच इनिंगमध्ये हुसकावलं. रूब वॉलबर्गनं पुढची बाजू सांभाळली, नवव्या इनिंगमध्ये तीन धावा निघाल्या आणि फिलाडेल्फियानं मालिका ४-१ अशी जिंकली.

एम्के त्यानंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, एकही सामना जिंकला नाही. त्याचा १३ स्ट्राइकआउटचा विक्रम १९५३ पर्यंत टिकला. त्या वर्षी ब्रुकलिनच्या कार्ल अर्स्किननं १४ जणांना बाद केलं.