दाखल होण्याआधीचे तास: पचनमार्गातील रक्तस्राव आणि वेळेचा हिशेब

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पचनमार्गात रक्तस्राव होत असलेला रुग्ण आठवड्याच्या कोणत्या दिवशी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी रुग्णालयात दाखल झाला, यावर त्याचे बरे होणे अवलंबून असते का, या प्रश्नावर आज मला बोलायचे आहे. उत्तर मी देणारच आहे. मात्र त्याआधी एका गोष्टीविषयी थोडे सविस्तर बोलू द्यावे, कारण ती लक्षात आल्याखेरीज त्या उत्तराचा अर्थ नीट लागत नाही. या विषयावरील बहुतेक अभ्यासांत वेळ मोजायला सुरुवात होते ती रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यानंतर. रक्तस्राव मात्र अनेकदा त्याच्या कितीतरी आधी, घरीच सुरू झालेला असतो.

जठरातील किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अल्सरमधून, म्हणजे आतील व्रणातून, रक्त वाहू लागले, की पुढे सरकताना त्या रक्तावर पाचकरसांची आणि जिवाणूंची क्रिया होते आणि मल डांबरासारखा काळा, चिकट व उग्र वासाचा होतो. त्यासाठी ५० ते १०० मिलिलिटर रक्तही पुरते. पोटात दुखेलच असे नाही. वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला अल्सर, विशेषतः वयस्कर माणसांत, काहीही न दुखता वाहू लागतो. त्यात लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होत असल्याने घरातल्या घरात एक सोयीचे स्पष्टीकरण मिळते. आपल्या शौचाचा रंग आज कोणी पाहिला, असे मी सभागृहात विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहून हसतील, हे मला ठाऊक आहे. तरीही तो प्रश्न मी प्रत्येक सभेत विचारतो, कारण या आजारात त्या उत्तराइतकी लवकर मिळणारी दुसरी सूचना क्वचितच असते.

रक्ततपासणी तरी लगेच सांगेल, असा समज असतो. तोही अपुरा आहे. रक्त वाहून जाते तेव्हा त्यातील पेशी आणि द्रव दोन्ही एकाच प्रमाणात जातात. त्यामुळे पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिनचा आकडा जवळजवळ पूर्वीइतकाच दिसू शकतो. पुढे शरीर उतींमधील द्रव रक्तवाहिन्यांत ओढून घेते, सलाईन चढवले जाते, आणि मग तो आकडा खाली येतो. नाडी जलद होणे ही अधिक लवकर मिळणारी खूण. पण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील, नाडी मंद ठेवणारे औषध घेणाऱ्याच्या बाबतीत तीही झाकली जाते.

आता एका रुग्णाची हकिगत सांगतो. साठी ओलांडलेले गृहस्थ, हृदयासाठी रोज ॲस्पिरिन आणि गुडघ्यांसाठी अधूनमधून वेदनाशामक गोळी घेत असत. गुरुवारी त्यांना काळी संडास झाली. लोहाची गोळी चालू होती, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले. शुक्रवारी थकवा वाटला. शनिवारी पत्नीने दवाखान्यात जाऊ या म्हटल्यावर त्यांनी सांगितले, की आता सोमवारीच जाऊ, मोठे डॉक्टर तेव्हाच भेटतील. रविवारी रात्री न्हाणीघरात उठताना त्यांना घेरी आली, ते पडले, आणि रुग्णवाहिकेतून आले तेव्हा त्यांचा रक्तदाब फारच खाली गेला होता. पुढे त्यांची मूत्रपिंडे बिघडली आणि मुक्काम लांबला. केसपेपरवर दाखल होण्याची वेळ मिनिटांसह लिहिलेली होती, एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीची, वेळही होती. गुरुवारचा उल्लेख कोठेही नव्हता, कारण पहिले लक्षण कधी दिसले यासाठी त्या छापील कागदावर रकानाच नव्हता. हा कागद बदलावा म्हणून मी संबंधितांना पुन्हा पुन्हा लिहिले. कागद आजही तसाच आहे, आणि त्याचे मला मनापासून दुःख होते, कारण कोणताही संशोधक हे गृहस्थ ‘रविवारी दाखल, परिणाम वाईट’ याच गटात मोजणार. त्यांचे नुकसान रविवारच्या अपुऱ्या कर्मचाऱ्यांमुळे झाले, असा निष्कर्ष मग सहज निघतो. प्रत्यक्षात त्यांची स्थिती खालावत गेली ती दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांत.

सुट्टीच्या दिवशी येणारा रुग्णवर्गच वेगळा असतो, हे यातून दिसते. ज्याला थोडाफार धीर धरता येतो तो सोमवारची वाट पाहतो. ज्याला तो धरणे शक्यच नसते तो रविवारी येतो. ब्रिटनमध्ये २००७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. शनिवार-रविवारी आलेले रुग्ण अधिक गंभीर होते आणि त्यांना एंडोस्कोपीसाठी अधिक थांबावे लागले, तरीही त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा वेगळा आढळला नाही. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा सांगण्याचा मोह आवरत नाही: रक्तस्रावासाठी नव्याने दाखल झालेल्यांपैकी ७ टक्के दगावले, तर दुसऱ्या आजारासाठी आधीच रुग्णालयात असताना ज्यांना रक्तस्राव झाला त्यांच्यापैकी २६ टक्के. दारापासून खाटेपर्यंतचे अंतर शून्य असूनही हे घडले, कारण मूळचे आजारपण बहुधा रक्तस्रावाहूनही भारी पडते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्यासाठी आपण जमलो ते आता थोडक्यात सांगतो.

सुट्टीच्या दिवसाचा परिणाम असलाच तर लहान आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्सरच्या रक्तस्रावाचा मृत्युदर इतर दिवशी ३.० टक्के, तर शनिवार-रविवारी ३.४ टक्के होता. यकृताच्या सिरॉसिसमुळे (यकृत कठीण होत जाण्याच्या आजारामुळे) अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटतात तेव्हा मात्र, त्याच वर्षीच्या अभ्यासांत, असा फरक दिसला नाही.

मग रात्रीच एंडोस्कोपी केली तर? हाँगकाँगमध्ये ५१६ अतिजोखमीच्या रुग्णांवर झालेली आणि २०२० साली प्रसिद्ध झालेली चाचणी याचे उत्तर देते. तज्ज्ञाला बोलावल्यापासून सहा तासांच्या आत एंडोस्कोपी झालेल्यांपैकी तीस दिवसांत ८.९ टक्के दगावले, आणि सहा ते चोवीस तासांत झालेल्यांपैकी ६.६ टक्के, म्हणजे घाईने लाभ झाला नाही. सलाईन देऊनही ज्यांचा रक्तदाब सावरला नाही असे रुग्ण या चाचणीत नव्हते, हे विसरू नये. घाईचा लाभ का दिसत नाही, याची कारणे समजण्याजोगी आहेत. आम्ल रोखणारे औषध रात्रभर काम करते, सकाळी वाहते अल्सर कमी सापडतात, आणि त्या तासांत रुग्णाचे हृदय, श्वसन व रक्तदाब सावरता येतात. डेन्मार्कमधील बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातही अल्सरच्या रक्तस्रावात फार लवकर केलेली एंडोस्कोपी सर्वांत चांगली ठरली नाही.

रक्त देण्याबाबतही तसेच. बार्सिलोना येथील २०१३ सालच्या चाचणीत हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटात सहा आठवड्यांनी ९५ टक्के रुग्ण हयात होते, तर ९ ग्रॅमच्या खाली जाताच दिलेल्या गटात ९१ टक्के. अर्थात ज्याचे रक्त डोळ्यांदेखत वाहून जात आहे, त्याच्यासाठी या मर्यादा नाहीत.

म्हणून रुग्णालयाकडून अपेक्षा अशी, की नाडी, रक्तदाब, युरिया आणि हिमोग्लोबिन पाहून जोखीम पहिल्याच तासात ठरवावी, अगदी कमी जोखमीच्या रुग्णाला घरी पाठवून पुढची तारीख द्यावी, आणि उरलेल्यांची एंडोस्कोपी रुग्ण सावरल्यावर चोवीस तासांच्या आत व्हावी. त्यासाठी एंडोस्कोपी कक्ष रविवारी सकाळीही चालू हवा. फुटलेल्या शिरांचा संशय असेल तर शिरांतील दाब कमी करणारे औषध आणि प्रतिजैविक लगेच सुरू करून बारा तासांच्या आत एंडोस्कोपी करावी, आणि उपचार करूनही रक्तदाब टिकत नसेल तर तज्ज्ञाला मध्यरात्रीही उठवावे. शिवाय दाखल करून घेणाऱ्याने पहिली काळी संडास किंवा पहिली रक्ताची उलटी कधी झाली, हे विचारून केसपेपरच्या समासात तारखेसह लिहावे. छापील रकान्यासाठी थांबू नये.