वीस अंशांचा कागद आणि पत्र्याचं गोदाम

मंडळी, विषय बाष्पदाब मोजण्याचा आहे, पण सुरुवात माठापासून करतो. चैत्रात आपल्याकडचा माठ जसा गार पडतो, तसा कोकणात पडत नाही. आपली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं. द्रवाची ही उडून जायची ओढ मोजली की बाष्पदाब मिळतो. पाण्याचा २० अंशांना २.३ किलोपास्कल (हे दाबाचं एकक), ४५ अंशांना साडेनऊ. आपल्याकडे कुरडया एका दिवसात का वाळतात, ते यात आलंच. मागे कुणीतरी मान डोलावली, म्हणजे घरी वाळवणं चालू दिसतात!

तर वाळूजला एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. मे महिना, पत्र्याचं गोदाम, आत टोल्युइन या झटकन उडणाऱ्या द्रावकाचे ड्रम. दुपारी एका हेल्परमामांनी बूच फिरवलं, तर फुस्स करून वाफ तोंडावर आली. तोंडाला रुमाल बांधलेला होता, पण रुमालानं धूळ अडते, वाफ अडत नाही. मामा भिंतीला टेकले, डोकं गरगरतंय म्हणाले. आम्ही त्यांना लिंबाच्या सावलीत आणून बसवलं. साहेबांनी पुरवठादाराच्या माहितीपत्रकाची फाइल उघडली: टोल्युइनचा बाष्पदाब २.९ किलोपास्कल. "एवढ्यानं काय होतं? ऊन लागलं असेल." त्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत होतं, २० अंशांना. मी गोदामात थर्मामीटर टांगला. ४५! संध्याकाळी तक्ता काढला, तर त्या तापमानाला दहाच्या जवळ. तिपटीहून जास्त. हवेचा एकूण दाब साधारण शंभर किलोपास्कल, म्हणजे बंद ड्रममध्ये बुचाखाली जी हवा कोंडलेली असते, तिच्या शंभर भागांत जवळजवळ दहा भाग टोल्युइन. कागदावरचा आकडा खराच होता, पण तो थंड खोलीतला. मामांच्या नावापुढे नोंद मात्र 'ऊन लागले' अशीच राहिली. ते मला आजही टोचतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मोजणी भरभर सांगतो. नमुन्यात विरघळलेली हवा आधी काढायची; ती राहिली तर तिचाही दाब मोजला जातो आणि आकडा फुगतो. मग आयसोटेनिस्कोप, म्हणजे बाष्पदाब मोजायचं काचेचं उपकरण: यू नळीच्या एका बाजूला नमुन्याची वाफ, दुसरीकडे नायट्रोजन. पातळ्या समान झाल्या की नायट्रोजनचा दाब वाचायचा. फारच कमी उडणारी कीटकनाशकं असली, तर त्यांच्यावरून नायट्रोजनचा संथ झोत न्यायचा आणि सोबत किती माल गेला ते मोजायचं. एका तापमानावर थांबायचं नाही. दाबाचा लॉगॅरिदम आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्तांक आलेखावर मांडला की सरळ रेघ यावी लागते. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची १०४ क्रमांकाची चाचणी पद्धत किमान दोन तापमानं मागते, शक्यतो तीन किंवा जास्त, ० ते ५० अंशांच्या दरम्यान. म्हणजे आपला मे महिना त्यात बसतो! मोजणाऱ्याच्या वहीत अख्खी रेघ असते आणि कागदावर छापला जातो एकच ठिपका. तुमच्यापैकी खरेदी बघणाऱ्यांनी पुरवठादाराकडे ४५ अंशांचा आकडा मागावा. तो येईपर्यंत गोदामात थर्मामीटर टांगा, आणि बूच उघडायचंच असेल तर पहाटेच्या गारव्यात, दारं सताड उघडून.