पिंजऱ्यातील दांडी आणि पक्ष्याचे तळवे

श्रोतेहो, नमस्कार.

घरी बजरी, कॉकॅटील किंवा लव्हबर्ड पाळणारी मंडळी पक्ष्याला काय खायला द्यावे, उन्हाळ्यात पिंजरा कुठे टांगावा, याची चौकशी आवर्जून करतात. परंतु पक्षी ज्या दांडीवर बसतो तिच्याविषयी विचारणारे फार थोडे असतात. पिंजऱ्यासोबत एकाच जाडीच्या, गुळगुळीत लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या दोन दांड्या येतात आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच राहतात. या दांड्या बदलल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. (आपला देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असून तो घरात पाळता येत नाही; त्यामुळे आजचे बोलणे पाळण्यास परवानगी असलेल्या परदेशी जातींपुरतेच आहे.)

पिंजऱ्यातील पक्षी जागेपणी पायांवर असतो आणि झोपेतही पायांवरच असतो. रानातला पक्षी दिवसभरात जाड, बारीक, सरळ, वाकड्या अशा अनेक फांद्यांवर बसतो, मधल्या वेळेत उडतो, आणि त्यामुळे त्याच्या तळव्याच्या एकाच जागेवर सतत भार राहत नाही. एका मापाच्या गोल दांडीवर मात्र तळव्याचे तेच ते भाग दाबले जातात. तेथील रक्तपुरवठा कमी पडतो, कातडी पातळ होते किंवा तिला घट्टा पडतो, पुढे ती फाटते आणि त्या जखमेतून जिवाणू आत शिरतात. या विकाराला बंबलफूट म्हणतात. सूज स्नायूबंध आणि हाडापर्यंत पोहोचली, तर उपचार लांबतात आणि पाय पूर्ववत होईलच असे सांगता येत नाही.

सुरुवात ओळखणे कठीण नाही. पक्षी पिंजऱ्याच्या जाळीला धरून चढतो, तेव्हा त्याचे तळवे समोरून स्वच्छ दिसतात. निरोगी तळव्यावर बारीक दाणेदार उंचवटे असतात. ते पुसट होऊन तळवा गुळगुळीत, चकचकीत आणि लालसर दिसू लागला, की दांडीकडे लक्ष देण्याची वेळ आली असे समजावे. विश्रांती घेताना एक पाय पोटाखाली घेणे ही पक्ष्याची नेहमीची सवय आहे. पण तो दर वेळी तोच पाय उचलत असेल, सूज किंवा खपली दिसत असेल, तर पशुवैद्यकांकडेच जावे. हळदीचे तेल किंवा घरातले मलम लावू नये, कारण तेलकट पदार्थ पिसांना लागून ती चिकटतात, पक्षी चोचीने ते चाटतो, आणि माणसांच्या काही मलमांतील औषधे पक्ष्याला घातक ठरतात.

दांडीची जाडी अशी असावी की बोटांनी तिचा साधारण दोनतृतीयांश घेर व्यापला जावा आणि पुढची व मागची बोटे एकमेकांना भिडू नयेत. बजरीला साधारण १ ते २ सेंटिमीटर आणि कॉकॅटीलला दीड ते अडीच सेंटिमीटर जाडीच्या दांड्या चालतात. मात्र मोजून घेतलेली एकच ‘योग्य’ दांडी हाही उपाय नव्हे, कारण दोष सारखेपणातच आहे. म्हणून झाडाची फांदी सर्वांत चांगली. ती एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असते, मध्ये गाठी असतात, आणि साल राहू दिली तर पकडही चांगली मिळते. पेरू आणि कडुनिंबाच्या फांद्या उत्तम. कण्हेर, बिट्टी आणि रुई ही झाडे विषारी आहेत. त्यांची काडीही पिंजऱ्यात जाऊ देऊ नये.

येथे सोलापूरकरांनी एक विशेष काळजी घ्यावी. आपल्या जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा भरपूर आहेत, छाटणीच्या फांद्या सहज मिळतात. परंतु या बागांवर वारंवार औषधफवारणी होते आणि पक्षी साल कुरतडून खातो. म्हणून फांदी फवारणी न झालेल्या, शक्यतो घराच्या परसातील झाडाची घ्यावी, ब्रशने घासून धुवावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी.

दुसरी काळजी आपल्या कापडाची. दांडी मऊ व्हावी या भावनेने तिच्यावर टेरी टॉवेलचा तुकडा किंवा जुन्या चादरीची पट्टी गुंडाळलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. यंत्रमागांच्या या गावात असे तुकडे घरोघरी असतात, आणि हेतूही मायेचाच असतो. पण टॉवेलच्या पृष्ठभागावरील सुताच्या बारीक फाशांत नख अडकते, पक्षी घाबरून ओढतो आणि बोट मुरगळते. सुटा धागा बोटाभोवती आवळला गेला, तर रक्त थांबून बोट गमावण्याची वेळ येते. कापड ओलसर राहिले की विष्ठा त्यात मुरते, ते वेगळेच. सुती दोरीची दांडीही धागे निघू लागताच काढून टाकावी.

नखे झिजतील म्हणून दांडीवर सँडपेपरचे आवरण चढवणे तर पूर्ण टाळावे. त्याने नखे फारशी झिजत नाहीत, तळवा मात्र सोलवटतो. खडबडीत सिमेंटची दांडी ठेवायची असेल तर एकच ठेवावी, आणि ती झोपण्याच्या जागी नसावी. लोखंडी दांडी नकोच. मे महिन्यात आपल्याकडे गॅलरीतले लोखंड किती तापते, हे सांगायला नको.

दांडी बदलूनही तळवे सुधारत नसतील, तर आहार पाहावा. ज्वारी, बाजरी आणि राळे यांवरच वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व अपुरे मिळते, आणि त्याच्या अभावी तळव्याची कातडी कमकुवत होते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी यांपैकी काहीतरी स्वच्छ धुऊन रोज द्यावे. जाड झालेल्या पक्ष्याच्या पायांवर भारही अधिक पडतो, म्हणून तेलबिया हात राखून द्याव्यात.

दांड्या लावताना खाण्यापिण्याच्या भांड्यांच्या वर लावू नयेत, म्हणजे विष्ठा त्यांत पडणार नाही. पक्षी रात्री सहसा सर्वांत उंच जागी झोपतो, तेव्हा तेथे सर्वांत आरामदायी फांदी असावी. म्हाताऱ्या किंवा पाय दुखावलेल्या पक्ष्यासाठी खाली, तळाजवळ, एक सपाट फळी द्यावी. सगळ्या दांड्या मात्र एका दिवसात बदलू नयेत, कारण अनोळखी वस्तूला पक्षी बिचकतो. नवी फांदी आधी काही दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याच्या नजरेसमोर ठेवावी, नंतर जुन्या दांडीशेजारी बसवावी, आणि तो तिची साल कुरतडू लागला, की जुनी काढून घ्यावी.